दोन खाती आणि एक बाण

कार्यालयातील संगणकाचे खाते आणि घरचे माझे वैयक्तिक खाते यांची सोयरीक जुळवण्याची दुर्बुद्धी मला एका निवांत दुपारी सुचली. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ मध्ये तशी सोय होती. कार्यालयाचे डोमेन खाते, म्हणजे कार्यालयाच्या संगणक-जाळ्यातले खाते, जागचे हलत नसे, सकाळी संगणक उघडायचा तोही कार्यालयाच्याच पासवर्डने. मात्र त्याला वैयक्तिक मायक्रोसॉफ्ट खाते जोडले, की घरच्या संगणकावरची मांडणी क्लाउडमार्गे कार्यालयात येऊन दाखल होई. मला हवे होते ते केवळ ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले संकेतस्थळांचे पत्ते. पण पडद्यावर आलेल्या यादीत रंगसंगती, पार्श्वचित्र, भाषा, माउस, दृष्टी अधू असलेल्यांसाठीच्या सोयी असे बरेच काही होते, प्रत्येकापुढे बरोबरची खूण आधीच केलेली होती, आणि मी ती यादी न वाचताच ‘पुढे’ दाबले.

हा संगणक विश्वासातला आहे याची खात्री पटवण्यासाठी एक सांकेतिक अंक फोनवर यायचा होता. खाते उघडताना, घरात फोन हमखास उचलणारे म्हणून मी बाबांचा क्रमांक दिला होता. मी त्यांना फोन केला.

“आलाय आकडा,” बाबा म्हणाले. “पण असा आकडा कोणालाही सांगू नका म्हणून बँकवाले रोज बजावतात.”

“बाबा, मी बोलतोय!”

“सगळे असंच म्हणतात. तुझ्या पहिलीच्या बाईंचं नाव सांग.”

नाव आठवेपर्यंत अंकाची मुदत संपली आणि मला दुसरा मागवावा लागला.

जोडणी झाली. क्षणभर काहीच घडले नाही, आणि मग पडदा काळाकुट्ट झाला, त्यावर पांढरी अक्षरे उमटली आणि मधोमध तळहाताएवढा वाटावा असा माउसचा एक बाण येऊन उभा राहिला. घरचा संगणक बाबाही माझ्याच खात्याने वापरतात आणि त्यांच्या डोळ्यांना सोसेल अशी मांडणी त्यांनी बरीच खटपट करून बसवली आहे, हे मी साफ विसरलो होतो. त्या बाणाखाली हिशेबाच्या तक्त्याचे तीन रकाने सहज झाकले जात. शेजारचे सहकारी काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आपली खुर्ची जराशी पुढे ओढून माझ्या पडद्याकडे पाहिले आणि सहानुभूतीने माझ्या चष्म्याकडे पाहिले.

मी बाण लहान केला, पडदा पांढरा केला आणि कामाला लागलो. थोड्या वेळाने बाबांचा फोन आला.

“अरे, बाण हरवला.”

ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते, हे मला तेव्हा कळले. मी इकडे लहान केलेला बाण तिकडेही लहान झाला होता. बाबांनी तो शोधून पुन्हा मोठा केला, तेव्हा माझ्याकडे तो रकाने झाकत परतला. मी लहान केला, त्यांनी मोठा केला. आम्हा दोघांत इतका नियमित संवाद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

अखेर संगणक विभागातील गृहस्थांना बोलवावे लागले. जोडणीच मुळात बंद ठेवण्याचे धोरण लागू करता येते, तसे ते करायला हवे होते, असे ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. नंतर मात्र त्यांनी यादी उघडून ब्राउझर वगळता सगळ्या खुणा माझ्याकडूनच एकेक करून काढवल्या. बाण ज्याचा त्याच्याकडे राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या उत्सुकतेने ब्राउझर उघडला. माझे पत्ते सुखरूप आले होते आणि त्यांच्या शेवटी बाबांनी आदल्या रात्री जपून ठेवलेला एक लेखही आला होता: ‘नातेवाईक असल्याचे भासवून येणारे फोन कसे ओळखावेत’.