उभी निवड, आडवा संसार

ज्या वस्तूवर पुढची वीस-पंचवीस वर्षे अनवाणी चालायचे आहे, ती भिंतीला उभी टेकवून, दिव्याखाली, हात मागे बांधून बघायची आणि पसंत करायची, ही रीत फक्त फरशीच्या धंद्यात चालते. पुण्यातल्या कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या कोणत्याही मोठ्या शोरूममध्ये शिरलात, तर चार बाय दोनच्या टाईल्स सरकत्या चौकटींत उभ्या लावलेल्या दिसतात आणि प्रत्येकीवर छतातून असा प्रकाश सोडलेला असतो, की जो आपल्या दिवाणखान्यात ऐन दिवाळीतसुद्धा पडत नाही. त्या प्रकाशात सगळ्याच सुंदर दिसतात. बाहेर पडल्यावर लक्षात राहतो तो फक्त भाव, आणि तोही अठरा टक्के जीएसटी धरून होता की सोडून, यावर रिक्षात वाद होतो.

आमच्या सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये मूळची फरशी मोझॅकची होती, म्हणजे राखाडी सिमेंटात संगमरवराच्या काळ्या-पांढऱ्या चिपा. आईच्या मते त्या फरशीला काहीही झालेले नव्हते. "मशीन लावून पॉलिश करून घ्या, मला पुरेल अजून," असे तिचे म्हणणे होते आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते, कारण मोझॅक झिजली तरी घासून पुन्हा नवी करता येते. टाईलवरची चकाकी मात्र एकदा गेली की गेली. परंतु बायकोच्या माहेरी नुकत्याच नव्या टाईल्स बसल्या होत्या आणि त्यानंतर तांत्रिक मुद्द्यांना आमच्या घरात फारसे स्थान उरले नव्हते.

शोरूममधला मुलगा अतिशय नम्र होता. त्याने पहिली चौकट ओढली आणि म्हणाला, "सर, स्टॅच्युआरिओ. इटालियन लुक." इटलीतल्या कॅराराच्या डोंगरांतून निघणाऱ्या पांढऱ्या संगमरवराची ती छबी गुजरातमधल्या मोरबीत मशीनवर छापलेली असते, आपल्याकडच्या बहुतेक टाईल्स तिथूनच येतात. आता छापील म्हटले की पुनरावृत्ती आलीच. प्रत्येक डिझाइनचे ठरावीक नमुने असतात, त्यांना धंद्यात 'फेस' म्हणतात, आणि ते संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. माझ्या मावसभावाच्या घरी पालीच्या आकाराची एक करडी शीर आहे. ती सोफ्यापाशी दिसते, टीव्हीसमोर दिसते आणि देवघराच्या उंबऱ्याशीही दिसते, आणि तिन्ही ठिकाणी तिची शेपटी डावीकडेच वळलेली आहे. इटलीतल्या डोंगराला एवढे सातत्य कधीच जमले नसते.

त्यानंतर मुलाने जीव्हीटी, पीजीव्हीटी, डबल चार्ज, फुल बॉडी असा मंत्रपाठ सुरू केला. मी मान डोलवत राहिलो. अर्थ असा, की जीव्हीटीत नक्षी वरच्या पातळ थरात छापलेली असते, पीजीव्हीटी म्हणजे तीच, पण पॉलिश केलेली, डबल चार्जमध्ये रंगीत मातीचा तीन-चार मिलिमीटरचा थर वर दाबून बसवलेला असतो आणि फुल बॉडीत तोच रंग आरपार असतो, म्हणून कोपरा उडाला तरी आतून वेगळी माती डोकावत नाही. हे सर्व तो समजावत असताना आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, बाथरूमच्या भिंतीची एक टाईल पालथी करायला लावली आणि तिच्या पाठीवर झाकणभर पाणी ओतले. बघता बघता ते आत मुरले. मग व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारख्या घट्ट केलेल्या टाईलच्या पाठीवर ओतले, ते मात्र तसेच थांबून राहिले. "दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते ती भिंतीला, आणि अर्ध्या टक्क्याच्या आतली जमिनीला," असे तो मुलगा थोड्या आदराने म्हणाला. "ते मी बघितलंच," आई म्हणाली.

खरी लढाई बाथरूमच्या जमिनीवरून झाली. घसरणीसाठी टाईलला आर ९ ते आर १३ असे अंक असतात. ही पद्धत जर्मन आहे. त्यात उताराच्या फळीवर फरशी बसवून तिच्यावर तेल ओततात, एक माणूस बूट घालून तिच्यावर चालतो आणि तो घसरू लागेपर्यंत उतार वाढवत नेतात. दहा ते एकोणीस अंशांपर्यंत टिकली तर आर १०, त्याहून पुढे आर ११. मुलाने हे सांगितल्यावर आईने विचारले, "आपण आंघोळीला बूट घालून, तेलावर चालत जातो का?" मग तिने चपला काढल्या, उरलेले पाणी जमिनीवर ठेवलेल्या नमुन्यावर ओतले, माझा दंड धरला आणि पायाची बोटे आत वळवून, टाच किंचित उचलून ती त्या दोन फुटांवर जागच्या जागी वळली. शोरूममधले दुसरे गिऱ्हाईक कॉफीचा कप हातात घेऊन थांबले. तीन नमुने नापास झाले. चौथ्यावर ती म्हणाली, "ही घ्या," आणि त्या चौथ्याचा रंग कोणता होता, हे बायकोने विचारायच्या आत चपला घालून मोकळी झाली. संपूर्ण खरेदीत फरशी पायाने बघणारी ती एकटीच होती, आणि माझ्या मते तोच एक निर्णय शास्त्रशुद्ध झाला.

दिवाणखान्याच्या रंगाचा प्रश्न तत्त्वज्ञानाकडे गेला. पांढऱ्या फरशीवर केस दिसतात, काळीवर धूळ आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके दिसतात. बायकोचे मत, घाण दिसता कामा नये. आईचे मत, दिसली नाही तर ती निघणार कशी? शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशींना नमुना दाखवला. त्यांनी अंगठ्याने पृष्ठभाग घासला आणि म्हणाल्या, "ताई, ह्या खडबडीला फडकं अडकतं. बाथरूमला ठीक आहे, हॉलला नको." अशा प्रकारे हॉलसाठी गुळगुळीत मॅटचा फिकट बदामी रंग ठरला. तो कोणालाच विशेष आवडला नव्हता, त्यामुळे कोणाचा पराभवही झाला नाही.

हिशेबाबद्दल थोडक्यात सांगतो. ज्या टाईलला सगळे 'दोन बाय दोन' म्हणतात ती सहाशे मिलिमीटरची असते, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. चार टाईल्सच्या खोक्यात १६ नव्हे, तर साडेपंधरा चौरस फूट माल भरतो. त्यावर कापाकापीसाठी दहा टक्के जास्त आणि कडेच्या स्कर्टिंगचे वेगळे. शिवाय सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना, हे टेम्पोतून माल उतरवतानाच बघावे लागते, कारण दुसऱ्या बॅचचा बदामी रंग हा वेगळाच बदामी असतो.

जुनी फरशी फोडायची नाही, तिच्यावरच केमिकलने नवी चिकटवायची, असे मिस्त्रींनी ठरवले. व्हिट्रिफाइड टाईल पाणीच पीत नसल्यामुळे नुसते सिमेंट तिला नीट धरत नाही, म्हणून हे केमिकल. यात धूळ कमी होते, पण जमीन अर्धा इंचाहून अधिक वर येते. सगळी दारे खालून रंधून घ्यावी लागली, बाथरूमचा उंबरा नाहीसा व्हायला आला आणि ओटा जागच्या जागी राहून बुटका झाला. "साहेब, ओटा तेवढाच आहे, आपणच उंच झालो," असे मिस्त्रींनी समाधान केले. बायकोला सांधे अजिबात दिसायला नको होते; मिस्त्री मात्र दोन टाईल्समध्ये फट राखणारा दोन मिलिमीटरचा स्पेसर लावणारच म्हणत होते. या वादात वरच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते काका न बोलावता उतरले. एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या टाईल्सना थंडी-उन्हात हलायला जागा उरत नाही आणि मग त्या मधूनच तंबूसारख्या उठतात. काकांच्या मेहुण्यांकडे टाईल्स एकदा रात्री दोन वाजता अशा उठल्या, की घरच्यांनी चोर समजून पोलिसांना फोन केला. स्पेसर राहिले. काकाही राहिले. ते रोज संध्याकाळी पाच रुपयांचे नाणे घेऊन येत, एकेका टाईलच्या चारही कोपऱ्यांवर टकटक करत, कान जमिनीपाशी नेत (खाली केमिकल नीट भरले नसेल तर आवाज पोकळ येतो) आणि उठताना "पोकळ" एवढाच शब्द उच्चारत. मिस्त्री त्यांच्या येण्याच्या वेळेला चहाला जाऊ लागले.

गच्चीवरच्या बागेत मात्र आईने टाईल येऊच दिली नाही. तिथे खडबडीत शहाबादी बसली. तीही लाडाची नाही. मातीच्या कुंड्यांखाली क्षारांची पांढरी वर्तुळे उमटतात, म्हणून कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवाव्या लागतात, आणि जुलैत शेवाळ धरले की ताठ ब्रशने घासण्याला पर्याय नसतो. कोणीतरी अ‍ॅसिडची बाटली सुचवतेच. अ‍ॅसिड शेवाळाबरोबर सांध्यांतले सिमेंट आणि खुद्द शहाबादीतला चुनखडकही खाते, त्यामुळे ती बाटली आईने दारातूनच परत पाठवली. स्वयंपाकघरात टाईल्सच्या सांध्यांत एपॉक्सीचे ग्राउट, म्हणजे पाणी न पिणारे भरण, भरले आहे, तिथे फोडणीची हळद पुसली जाते. हॉलच्या साध्या ग्राउटमध्ये पहिल्याच आठवड्यात चहा मुरला.

राहता राहिले एक शिल्लक खोके. पुढे टाईल फुटली तर हेच डिझाइन बाजारात मिळणार नाही, म्हणून ते जपून ठेवा, असे मिस्त्री, शोरूमचा मुलगा आणि काका यांनी एकमताने सांगितले. पंचवीस-तीस किलोचे ते खोके माळ्यावर चढवायला कोणी तयार नाही, पलंगाखाली ठेवले तर मावशी कचरा अडतो म्हणून रागावतात. सध्या ते दारापाशी आहे, त्यावर उशी टाकली आहे आणि पाहुणे त्यावर बसून बुटांचे बंद बांधतात. परवा काका बसले होते. बंद बांधून झाल्यावर त्यांनी खिशातून नाणे काढले, उशी सरकवून खोक्यावर टकटक केली आणि म्हणाले, "यांतली एकही पोकळ नाही. ह्याच बसवायला हव्या होत्या."