सहा रस आणि एक कढई

घरात एकालाच पथ्य असेल तर घर ते चालवून घेतं. बाजूला एक वाटी फिकी आमटी काढली की भागतं. पण घरातल्या सगळ्यांनी मिळून वैद्यांकडून आपापली प्रकृती तपासून आणली, तर ते घर चालवणं विधानसभा चालवण्याइतकं अवघड होतं. आमच्याकडे सध्या अधिवेशन सुरू आहे.

मूळ हिचं पित्त. पुण्यात पित्त नसलेली बाई शोधून सापडायची नाही, आणि सूतशेखराची डबी पर्समध्ये बाळगणं हा इथला रिवाज आहे. पण यंदा तिचं डोकं वरचेवर उठायला लागलं आणि कोणीतरी सुचवलेल्या वैद्यांकडे ती गेली. वैद्यबुवा म्हणाले, "पूर्ण कुटुंबाची प्रकृती एकदा बघून घेऊ, म्हणजे आहार ठरवायला सोपं." सोपं!

आम्ही सगळे सकाळी उपाशीपोटी जाऊन बसलो. नाडीवर तीन बोटं ठेवायची: तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त, अनामिकेखाली कफ. माझा हात धरून वैद्यबुवांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हंसगती आहे." मी खूश झालो. हिनं लगेच विचारलं, "म्हणजे संथ का?" ते म्हणाले, "हो, संथच."

मग प्रश्न. भूक कशी लागते, झोप कशी लागते, घाम किती येतो, राग आला तर टिकतो किती. हे माझ्याविषयीचे प्रश्न होते, उत्तरं हिनं दिली. शेवटी विचारलं, "स्वप्नात काय दिसतं?" मी खरं ते सांगितलं की मला बँकेच्या ओटीपीची वाट बघत असल्याचं स्वप्न पडतं आणि तो येत नाही. वैद्यबुवांची लेखणी जरा थबकली. ग्रंथात स्वप्नांची व्यवस्था चोख आहे. वातवाल्यांनी आकाशात उडायचं, पित्तवाल्यांनी पळसाची फुलं, वणवे आणि विजा बघायच्या, कफवाल्यांनी कमळांची तळी. ओटीपी कुठेच बसत नव्हता. "वाट शांतपणे बघता का?" त्यांनी विचारलं. "हो." मग कफ लिहिलं.

निकाल असा लागला. आई वात, ही पित्त, मी कफ आणि कन्या वात-पित्त अशी द्वंद्वज.

आजोबांच्या कपाटात अष्टांगहृदयाचं, म्हणजे वाग्भटांच्या आयुर्वेदावरच्या ग्रंथाचं, जुनं मराठी भाषांतर होतं. ते मी त्याच रात्री काढलं आणि मन भरून आलं. वाग्भटांनी वातप्रकृती हीन, पित्तप्रकृती मध्यम आणि कफप्रकृती उत्तम म्हटली आहे. (तिन्ही सम असलेली सर्वश्रेष्ठ, पण तसा माणूस आमच्या नात्यात नाही.) कफवाला गंभीर, क्षमाशील, कृतज्ञ, स्वभावानं सिंह, हत्ती, गरुड यांच्यासारखा. हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं. ही म्हणाली, "हत्तीवर एकमत आहे. पुढे वाचा." पुढे निद्राळू आणि दीर्घसूत्री असे शब्द होते. ते मी मनात वाचले. पित्तवाल्यांच्या यादीत वाघ, अस्वल, माकड आणि मांजर होतं. त्यातली मांजर तेवढी मी तिला सांगितली. वातवाल्यांच्या यादीत कावळा आणि उंट होते. आईला मी पान फाटलं आहे असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गणित मांडलं गेलं. रस सहा: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. वाताला पहिले तीन चालतात, म्हणजे आईला आमटीत चिंच, मीठ, गूळ सगळं हवं. कफाला नेमके तेच तीन वर्ज्य आणि उरलेले तीन पथ्य. पित्ताला गोड, कडू, तुरट चालतं. आंबट, खारट, तिखट बघायचंसुद्धा नाही. आता सहा रसांतून तिघांनाही चालेल असा एक रस काढून दाखवा. मी कागदावर करून बघितलं. नाही निघत. गोड मला नाही, कडू आणि तुरट आईला नाही, तिखट माझ्याशिवाय कोणाला नाही. कढई मात्र एकच.

यातून फायदा झाला फक्त कन्येचा. कारल्याची भाजी आली की ती वात असते, कारण कडवटानं वात वाढतो. मिसळ तिच्या मनात असेल तेव्हा कोणी पित्ताची आठवण काढली, तर पुन्हा वात. वात आणि पित्त दोघांना एकत्र चालेल असा रस एकच निघतो, गोड. त्यामुळे तिच्या ताटात शास्त्राधारे शिरा असतो आणि माझ्या ताटात त्याच शास्त्राधारे मेथी.

माझ्या दृष्टीनं खरं संकट मात्र ताटातलं नव्हतं. दुपारी जेवून लवंडणं हे या शहरात जन्मलेल्या माणसाचं जवळजवळ घटनादत्त स्वातंत्र्य आहे. आयुर्वेदाला दिवसाची झोप एकूणच पसंत नाही, पण ग्रीष्मात रात्र लहान आणि शरीर रूक्ष म्हणून मुभा दिली आहे, हे मला माहीत होतं. ग्रीष्मापुरतं तर वाचलो, असं म्हणत पुढचे श्लोक बघितले. त्यात लिहिलंय की मेद आणि कफ जास्त असलेल्यांनी ग्रीष्मातही दिवसा झोपू नये. हिनं त्या पानावर पोस्ट-इट लावलं आहे. पिवळं. पलंगावरून दिसतं.

मीही तिच्याच ग्रंथाचा आधार घेतला. मला व्यायाम सांगितला होता, भरपूर. पण वाग्भट स्पष्ट लिहितात की व्यायाम अर्ध्या शक्तीनं करावा, तोही बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्या माणसानं, थंडीत आणि वसंतात. एरवी त्याहूनही मंद. माझं तूप बंद केल्यामुळे मी स्निग्ध खाणारा राहिलो नव्हतो. मग पर्वती चढायचा प्रश्नच कुठे येतो? यावर ती जे बोलली ते पित्तप्रकोपात मोडतं. आणि हल्ली त्यावर काही म्हणायचीही सोय राहिलेली नाही. प्रकृती गर्भात ठरते आणि जन्मभर बदलत नाही, हे तिनं पाठ केलं आहे. पूर्वी ती चिडली तर नंतर निदान चहा करायची. आता म्हणते, "माझं ते जन्मजात आहे." आईचं बोलणं पूर्वी कधीतरी थांबायचं, बहुभाषी असणं हे वाताचं लक्षण निघाल्यापासून तिनं तो प्रयत्न सोडला. वीजबिल भरायचं राहिलं तेव्हा मीसुद्धा "दीर्घसूत्री" हा शब्द वापरून बघितला. चालला नाही. सवलत बहुधा हीन आणि मध्यम प्रकृतींनाच आहे.

तोडगा वाग्भटांनीच दिला होता. वाताला तेल, पित्ताला तूप आणि कफाला मध, ही तिघांची परम औषधं. म्हणून आमटी बेताची करायची आणि टेबलावर तीन वाट्या ठेवायच्या. ज्यानं त्यानं आपली वाटी ओढावी. आमटीत मध घालून खाल्ला आहे कधी? शिवाय मध गरम करायचा नाही, गरमाबरोबर घ्यायचा नाही, हाही ग्रंथाचाच दंडक; म्हणजे माझी आमटी आधी गार होणार. तुपाची वाटी रोज सगळ्यांत आधी संपते, आणि पित्त घरात दीडच माणसाला आहे.

हे सगळं स्वयंपाकाच्या काकू ओट्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. आषाढ लागला, पाऊस धरला, आणि एका सकाळी त्यांनी कणीक मळून परात बाजूला सारली.

"ताई, पावसाळ्यात वात भडकतो ना?"

"हो, वर्षा ऋतूत वाताचा प्रकोप असतो." ही उत्साहानं म्हणाली.

"माझे गुडघे आणि मनगटं तेच म्हणतायत. माझी वाताचीच असणार. तेव्हा दसऱ्यापर्यंत पोळ्या लाटणं मला काही जमायचं नाही."

"अहो काकू, मग पोळ्या करायच्या कोणी?"

काकूंनी लाटणं धुतलं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "दादांना व्यायाम सांगितलाय की. अन् हा काही फार जोराचा नाही."

मी घाईघाईनं तो श्लोक पुन्हा काढला. थंडी आणि वसंत सोडून एरवी मंद व्यायाम करावा, असंच लिहिलंय.