रिचमंडमधील लूट, भूक आणि फटके : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकी यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांची राजधानी असलेल्या रिचमंडमध्ये २ एप्रिल १८६३ रोजी बायकांनी केलेल्या लुटीला मी ‘पोटासाठीची दंगल’ म्हटले. त्यावर आपले आक्षेप दोन : एक, दागिने आणि रेशीमही लुटले गेले, शिवाय तिथल्याच ‘एक्झामिनर’ पत्राने त्या बायकांना वेश्या व सराईत चोर ठरवले होते; आणि दुसरा, गुलामांविषयी माझ्या लेखात अवाक्षर नाही.

दागिन्यांचे खरे आहे. व्हर्जिनिया राज्याचे गव्हर्नर लेचर यांच्याकडे दाद मागून हाती काही न लागल्यावर दुकाने फुटली आणि मग गर्दीत हौशे-गवशेही शिरले असणार. तरी युद्धखात्यातील कारकून जोन्स याच्या रोजनिशीतली त्या दिवसाची नोंद मला विसरता येत नाही. कुठे निघालात, असे त्याने विचारताच एका खंगलेल्या तरुणीने हसून सांगितले, की काहीतरी खायला शोधायला. आणि या सरकारी नोकराने तिला अडवायचे सोडून, नफेखोरांकडे भरपूर आहे, वाट बरोबर आहे, असे सांगितले! ‘एक्झामिनर’च्या शिव्यांपेक्षा मला ही साक्ष वजनदार वाटते. नगरपालिकेचेच पाहा. दंगलीला खऱ्या गरजेचे कारण नव्हते असा ठराव करणाऱ्या त्याच सभेने पंधरवड्याच्या आत गरिबांना मोफत धान्य देण्याची व्यवस्था केली, मात्र दंगलीत सामील झालेल्यांना त्यातून वगळले. टंचाईला सरकारचाही हातभार होताच : १८६२ मध्ये शहराचा लष्करी बंदोबस्त पाहणारे जनरल विंडर यांनी बाजारभाव बांधून दिले, तेव्हा शेतकऱ्यांनी शहरात माल आणणेच थांबवले आणि अखेर तो हुकूम मागे घ्यावा लागला.

दुसरा आक्षेप बिनतोड आहे. १८६० मध्ये शहराच्या सुमारे ३८,००० वस्तीत ११,००० हून अधिक गुलाम होते. महापौर मेयो यांच्या न्यायालयात किरकोळ चोरीसाठी, किंवा मालकाची चिठ्ठी जवळ नसताना रस्त्यावर सापडल्याबद्दलही, गुलामाच्या पाठीवर फटके ओढले जात; दंगलीतल्या गोऱ्या बायकांवर मात्र रीतसर खटले चालले आणि काही निर्दोष सुटल्याही. ‘युद्धाने सारे शहर एकाच रांगेत उभे केले’ हे माझे वाक्य त्यामुळे चुकीचे ठरते. ते मी आज लेखातून काढले आहे.