'डार्विनचा फुगा फुटला' या मेसेजला उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर डार्विनचा उत्क्रांतिवाद खोटा म्हणणारा तो मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. वर 'डार्विनचा फुगा फुटला', खाली सात मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि 'मुलांना जरूर वाचून दाखवा'. पहिल्या दोन खेपांना मी गप्प बसले. या वेळी तळमजल्यावरच्या काकांनी 'प्राणिशास्त्राच्या मॅडमनी खुलासा करावा' असं सरळ लिहून टाकलं. २८ वर्षं हा विषय शिकवल्यावर तोंड लपवणं बरं दिसेना. उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं म्हणून इथे लिहिते. मुद्दे मेसेजमधले, क्रम माझ्या सोयीचा.

'गांडूळ कापलं की दोन गांडुळं होतात. ज्याला मरणच नाही त्याला उत्क्रांती कशाला हवी?'

या वाक्याचा पहिला अर्धा भाग माझ्या वर्गातली निम्मी मुलं दरवर्षी छातीठोकपणे सांगायची. आणि त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असायचं, हीच तर गंमत. आमच्या गांडूळ खताच्या टाकीत माळीदादांचं खुरपं लागून परवाच एक गांडूळ तुटलं. दोन्ही तुकडे वळवळत राहिले, उलट शेपटाकडचाच जास्त जोरात. बघणाऱ्याला वाटणारच, की दोन झाली. पण वळवळणं म्हणजे जगणं नव्हे. गांडुळाच्या पोटाच्या बाजूने एक चेतारज्जू जाते आणि प्रत्येक वलयात तिची एकेक गाठ असते. पुढून काहीही निरोप आला नाही तरी ती गाठ आपल्या वलयापुरते स्नायू हलवत राहते. तोंड, मेंदू, हृदयं, जननेंद्रियं हे सगळं मात्र पुढच्या वलयांत. मागच्या तुकड्याला खायला तोंडच नाही. तो काही काळ तडफडतो आणि संपतो. पुढचा तुकडा पुरेसा लांब असेल तर त्याला नवं शेपूट येऊ शकतं. म्हणजे हिशेब एकाचं एकच, तेही नशीब असेल तर.

सगळ्या जातींना हाच नियम नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडे खतासाठी पाळलं जाणारं पेरिओनिक्स दोन्ही बाजूंनी भरून येण्यात बरंच पटाईत आहे. चपट्या कृमींच्या संघातला प्लॅनेरिया तर त्याच्याही पुढे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी १८९८ मध्ये त्याचे तुकडे करत करत पाहिलं, तर मूळ शरीराच्या २७९व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही अख्खा प्राणी उभा राहिला. पण तुटलेलं भरून येणं आणि मरण नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॅनेरियाला मासा खातो, डबकं आटतं, पाणी तापतं. मरण भरपूर आहे. जाता जाता, गांडुळांचा सगळ्यात मोठा चाहता खुद्द डार्विनच होता. मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ मध्ये, त्याने आपलं शेवटचं पुस्तक काढलं ते गांडुळं माती कशी तयार करतात यावर.

'हायड्रा, स्पंज, जेलीफिश कोट्यवधी वर्षं जसेच्या तसे आहेत. मग उत्क्रांती झाली कुठे?'

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते या मुद्द्यावर, कारण सगळ्या मेसेजचं मूळ इथे आहे. साधा प्राणी म्हणजे मागे राहिलेला, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिलेला, ही समजूत.

माझ्या खिडकीत एक बरणी आहे. तळ्यातल्या पाणवनस्पतीबरोबर त्यात हायड्रा आले. नुसत्या डोळ्यांना फार तर सुटलेल्या दोऱ्याचं टोक वाटेल, पाच-सहा मिलिमीटरचं. बरणीला टिचकी मारली की आखडून टाचणीच्या डोक्याएवढा होतो आणि मिनिटभराने हळूहळू पुन्हा लांबतो. पाण्यात उड्या मारणारा डॅफ्निया (पाणपिसू) त्याच्या तोंडाभोवतीच्या शुंडकाला नुसता घासला, की जागच्या जागी थांबतो. दंशपेशींतल्या सूक्ष्म दोऱ्या सुटलेल्या असतात, त्यांतून विष गेलेलं असतं. मग शुंडकं वळतात, तोंड पसरतं आणि जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढं भक्ष्य आत जातं. हे सगळं कुठल्याही मेंदूशिवाय.

आता या 'साध्या' प्राण्याचं दप्तर बघू. २०१० मध्ये हायड्राचा जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा आराखडा, प्रसिद्ध झाला. त्यात जनुकं निघाली सुमारे २०,०००. माणसाची प्रथिनं बनवणारी जनुकंही साधारण तेवढीच. हायड्राचं डोकं कुठे फुटायचं हे जी डब्ल्यूएनटी जनुकं ठरवतात, त्याच घराण्यातली जनुकं आपल्या गर्भाचं पुढचं-मागचं ठरवताना कामाला असतात. योगायोगाने दोघांकडे आली असं म्हणायला फार मोठं धाडस लागेल. एकाच पूर्वजाकडून आली, हे सोपं उत्तर आहे.

आणि हायड्रा बदललेला नाही हेही खरं नाही. त्याच्या अनेक नातेवाइकांच्या आयुष्यात दोन रूपं असतात: एक बुंध्यासारखं चिकटून बसणारा पॉलिप, दुसरं छत्रीसारखी तरंगणारी मेड्युसा, म्हणजेच जेलीफिश. हायड्राने छत्री सोडून दिली. म्हणजे त्याचं साधेपण ही सुरुवात नव्हे, वाटेत सामान कमी केल्याचा परिणाम आहे. दुसऱ्याच्या आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमीनेही हेच केलंय. आयतं पचलेलं अन्न मिळायला लागल्यावर त्याने आतडंच टाकून दिलं.

छत्रीवाल्या नातेवाइकाला भेटायला समुद्रावर जायचीही गरज नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना साताऱ्याकडच्या सह्याद्रीतल्या नदीत गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली, लिम्नोक्निडा इंडिका. त्या वंशाची जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होती. पुण्यात १९४६ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीच्या संशोधन संस्थेला पुढे याच आघारकरांचं नाव दिलं गेलं. (ही आघारकर संस्था गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आहे. रिक्षावाल्याला समजावताना सांभाळून.) तिथल्या संशोधकांनी हायड्राच्या ज्या स्थानिक वाणाची ओळख करून दिली, त्याचं नाव हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे. आपल्या शहराचं नाव लावून जगभरच्या प्रयोगशाळांना माहीत असलेला प्राणी आपल्याच ग्रुपवर 'मागासलेला' ठरावा, याचं मला वाईट वाटतं.

'अमिबापासून माणूस झाला म्हणतात.' असं कुणी म्हणत नाही. आजचा अमिबा आपला पूर्वज नाही, आणि वर्गीकरणात तो आता प्राणीही नाही. प्राणिसृष्टीतून त्याला बाहेर काढून बरीच वर्षं झाली.

'माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी?' आमचे पणजोबा राजापूरचे. त्यांच्या एका मुलाने पुणं गाठलं, बाकीचे तिथेच राहिले. राजापूरला आमचे चुलते अजून आहेत, म्हणून आम्ही पुण्यात नाही असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि आम्ही चुलत्यांच्या पोटी जन्मलो, असंही कुणी म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा. महाबळेश्वरला हातातलं कणीस ओढून नेणारं माकड त्याहून कितीतरी लांबचं, भाऊबंदकीतलं. मराठीत शेपटीवाल्या आणि बिनशेपटीच्या दोघांनाही आपण सरसकट माकड म्हणतो, त्यानेही घोळ वाढतो.

'शास्त्रज्ञ दर काही वर्षांनी वर्गीकरण बदलतात, म्हणजे त्यांनाच खात्री नाही.'

बदलतात हे खरं आहे. आम्ही कॉलेजात ज्याला फेरेटिमा पोस्थुमा म्हणून चिरलं, ते गांडूळ आता मेटाफायर पोस्थुमा आहे. प्राण्या-वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने सुरुवातीला देवमाशाला माशांत बसवलं होतं आणि १७५८च्या आवृत्तीत स्वतःच उचलून सस्तन प्राण्यांत नेलं. कीटक सोडून उरलेल्या बहुतेक बिनकण्याच्या प्राण्यांना तर त्याने 'कृमी' या एकाच पोत्यात भरलं होतं. ते पोतं उपसायला पुढे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यावा लागला. पण भारत इतिहास संशोधक मंडळातल्या दप्तराच्या एखाद्या रुमालात बांधलेला जुना कागद सापडला आणि घराण्याच्या वंशावळीतली एक फांदी सरकली, म्हणून ते घराणं झालंच नाही असं आपण म्हणतो का? डीएनए हे प्राण्यांचं मोडी दफ्तर आहे. ते वाचता यायला लागल्यावर कळलं, की कीटक ही खेकडे-कोळंबीसारख्या कवचधारींच्या झाडातलीच एक फांदी आहे. म्हणजे झुरळ हा खेकड्याचा भाऊबंद. ज्यांच्याकडे रविवारी खेकड्याचा रस्सा असतो त्यांनी हे जेवणानंतर वाचावं.

'उत्क्रांती होताना कुणी पाहिली आहे का?' २०१८ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी अशाच अर्थाचं विधान केलं, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं होतं. मला निवेदनापेक्षा विदर्भातल्या शेतकऱ्याची साक्ष जास्त वजनदार वाटते. त्याने पाहिलीय, आणि तिचे पैसेही मोजलेत.

बीटी कापूस आपल्याकडे २००२ मध्ये आला. कापसाच्या पेशींतच अळीला मारणारं विष तयार होतं. बहुतेक गुलाबी बोंडअळ्या मेल्या. ज्या थोड्यांना जन्मतःच ते विष बाधत नव्हतं त्या उरल्या, आणि पुढची पिढी त्यांचीच. दरम्यान २००६ मध्ये दोन विषांचं बियाणं आलं. २०१७च्या हंगामात महाराष्ट्रात त्या बियाण्याचीही बोंडं आतून पोखरलेली निघाली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या कापसाचं १२० ग्रॅमचं छोटं पाकीट मिळायचं, ते आठवतंय? ते बांधाकडेने लावायचं होतं, म्हणजे विषाला बळी पडणारे पतंगही शिल्लक राहतील, दणकट पतंगांशी त्यांचा संकर होईल आणि दणकटपणा पातळ होत राहील. अनेकांनी ते लावलंच नाही. तुरीवर, हरभऱ्यावर जगू शकणाऱ्या हिरव्या बोंडअळीला शिवारात दुसरा आसरा होता. गुलाबी अळीचं जवळजवळ सगळं आयुष्य कापसावर, त्यामुळे तिच्यावर निवडीचा दाब पुरता बसला. उत्क्रांती थोतांड असती तर ते १२० ग्रॅमचं पाकीट कुणी कशाला बांधून दिलं असतं?

राहिला शेवटचा मुद्दा: 'सरकारनेही दहावीतून डार्विन काढून टाकला.' केंद्राची पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला हे खरं, आणि मला ते अजिबात पटलेलं नाही. त्यांच्याच बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे. काकांचा नातू मात्र राज्य मंडळाच्या शाळेत जातो. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. ते पुस्तक आपल्याच सेनापती बापट रस्त्यावर तयार झालंय, आणि सध्या तळमजल्यावरच्या दप्तरात असेल.