तिठ्यावरचा फ्लेक्स

गेल्या ऑक्टोबरात देवगडजवळ आमच्या तिठ्यावर भाचीचा फ्लेक्स लागला, 'गावची पहिली डॉक्टर'. तेव्हा एमबीबीएसचा प्रवेश नुकता झाला होता, ॲनाटॉमीचं पुस्तकही घ्यायचं होतं. परवा फिजिऑलॉजीच्या इंटर्नलमध्ये ती नापास झाली. रात्री मला ब्रिटनमध्ये लीड्सला फोन: "मामा, आईक सांग मगे, तो फ्लेक्स काढून टाक म्हणान."

घरच्या ग्रुपवर यावर जुनाच वाद. एक काका म्हणतात पोरं नाजूक झाली, दुसरे म्हणतात अभ्यासच डोंगराएवढा. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने पंचवीस हजारांवर एमबीबीएसच्या मुलांना विचारलं, तर 27.8 टक्क्यांनी मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. सर्वेक्षण ऑनलाइन होतं, म्हणून आकडा जरा जपूनच घेतो. पण एवढी मुलं नुसती नाजूक नसतात.

मला वाटतं, मूळ दुखणं तुलनेत आहे. बारावीपर्यंत शाळेत पहिली येणारी शंभर मुलं एका वर्गात बसली की पन्नास जण खालच्या अर्ध्यात जाणारच. 'हुशार' हीच ज्याची ओळख, त्याला तिथे आपण चुकून आत आलो असं वाटू लागतं. क्लान्स आणि आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्येच या भावनेबद्दल लिहिलंय. असं पोर शंका विचारत नाही, कारण विचारलं तर बिंग फुटेल!

इथे सगळं छान आहे असं म्हणायला मी तयार नाही. ब्रिटनमध्ये नव्या डॉक्टरांची पहिली नेमणूक पूर्वी गुणक्रमावर व्हायची. 2024 पासून तो काढला. आता पसंती विचारतात आणि क्रमांक संगणक कसाही देतो. मला आनंद झाला होता. पण वॉर्डात माझ्याकडे येणारी मेडिकलची मुलं म्हणतात, चिठ्ठीच काढायची तर राबायचं कशाला? तुलनेची धास्ती थोडी कमी झाली, पण आपल्या हातात काही नाही ही नवी धास्ती आली.

गुणांवरून तुकड्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शिक्षणसंस्थांना बजावलं. चांगलंच झालं. पण भाचीचा अपमान कुणी केलाच नव्हता, गावाने कौतुकच केलं होतं.

ताईला फोन लावला. ती म्हणाली, "कित्याक काढूचो? मिरगाचो पाऊस इलो काय आपोआप फाटतलो."

मिरगाला अजून दोन महिने आहेत.