इन्सुलिनची सवय लागते हं!

पोरीला टाइप-१ मधुमेह निघाला? डॉक्टरांसमोर मान डोलवा आणि बाहेर येताच आत्याला फोन लावा. आत्या म्हणेल, "एवढ्याशा पोरीला कुठं होतोय मधुमेह! गोड फार खात असेल." झालं निदान. शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या, हे समजून घेत बसण्यापेक्षा "तूच चॉकलेटं खायचीस" हे सोपं पडतं. आठ वर्षांच्या आरोपीला वकील लागत नाही.

आता इन्सुलिन. याची सवय लागते, हे तर सोसायटीच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. १९२२ साली टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मरणपंथाला लागलेल्या मुलाला ते टोचलं, आणि त्याला सवय लागली ती लागलीच. पुढं १३ वर्षं जगत राहिला. त्याआधीच्या मुलांना ही खोड लागायला वेळच मिळत नसे.

तेव्हा रोज सकाळी कारल्याचा रस, आणि जोडीला तो नावाजलेला महाराज. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणून बिचारा फक्त व्हॉट्सॲपवर भेटतो. त्याची पहिली अट: सुई बंद. दोन-तीन दिवसांत पोर उलट्या करू लागली, धापा टाकू लागली, तोंडाला पिकल्या फळासारखा वास आला, की समजा गुण येतोय, घाण बाहेर पडतेय. आयसीयूवाले त्याला कीटोॲसिडोसिस म्हणतात, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठणं. त्यांना काय, बिल फाडायचं असतं.

पण खरं कसब लपवण्यात आहे. मुलीची जात, उद्या लग्न जमवायचंय! शाळेत बाईंना सांगू नका. दप्तर तपासून बिस्किटाचा पुडा काढून घ्या, साखर म्हणजे विषच ना. मग चित्रकलेच्या तासाला तिची शुगर सत्तरच्या खाली जाईल, हात थरथरतील, घाम फुटेल, बाई ओरडतील, "रेघ सरळ काढ!" तीन चमचे साखरेनं भागलं असतं, पण घरचं नाव जाण्यापेक्षा रेघ वाकडी गेलेली बरी.

चुलत बहिणीच्या लग्नात तर जपूनच. पंगत बसायच्या आधी तिला कार्यालयाच्या संडासात पाठवा, आतून कडी, इन्सुलिनचं पेन फ्रॉकच्या खिशात. मोबाइलच्या उजेडात पेनावर डोसचा आकडा फिरवेल ती. बाहेर मावशीनं विचारलं, तर "पोट बिघडलंय." परत येते तोवर मामा जिलबी घेऊन उभे: "खा गं, एकानं काय होतंय!" तुम्ही हसा. ती खाईल. न खाण्याचं कारण सांगायची तिला बंदीच आहे.

दहावीपर्यंत ती तयार होते. डोस चुकवते, वहीत शुगरचे मनाचे आकडे लिहिते, विचारलं तर "घेतलं" म्हणते. डॉक्टरांनी ग्लुकोमीटरची मेमरी उघडून वहीशी पडताळली, की तुम्ही कपाळाला हात लावा आणि म्हणा, "डॉक्टर, आमच्या घरात कुणी खोटं बोलत नाही हो, हिलाच ही खोड कुठून लागली!"