पुढाऱ्यांनी मागच्या डब्यात उभं राहावं

निवडणूक लढवायचं ठरवलंय ना तुम्ही? मग आधी तो पांढऱ्या गाड्यांचा ताफा परत पाठवा. काळ्या काचा, पुढे सायरन, मागे धुरळा आणि धुरळ्यात खोकणारा मतदार, हे आता कुणालाही जमतं. आमच्या गल्लीतले एक माजी नगरसेवक दूध आणायलासुद्धा तीन गाड्या घेऊन जातात. तुम्ही आगगाडी घ्या. अख्खी. अमेरिकेत शंभराहून जास्त वर्षं वापरून पाहिलेली रीत आहे, कसोटीला उतरलेली. कसोटीला न उतरलेलेही बरेच आहेत, पण त्यांचं नंतर बघू.

गाडी मिळाली की सरळ शेवटच्या डब्यात जा. त्याच्या मागच्या बाजूला एक उघडा सज्जा असतो, त्याला कमरेएवढा कठडा. तुमची जागा तिथे. लोक तुम्हाला पुढारी म्हणतात, पण उभं राहायचं ते गाडीच्या शेपटाला आणि तोंड करायचं मागे. गाडी कुठून आली ते तुम्हाला स्वच्छ दिसेल. कुठे चाललीय ते इंजिनातल्या माणसाला माहीत. त्याच्याशी जमवून घ्या, असं आत्ताच सांगून ठेवतो.

दौऱ्याला प्रचार मात्र चुकूनही म्हणू नका. काहीतरी सत्कार्य शोधा. १८६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन शिकागोला निघाले ते कशासाठी, तर दिवंगत सिनेटर स्टीफन डग्लस यांच्या स्मारकाची कोनशिला बसवायला. (भूमिपूजनाचा शोध आपलाच, असं समजू नका.) आता वॉशिंग्टनहून शिकागोला जायचं म्हणजे वाटेत न्यूयॉर्क, क्लीव्हलँड आणि येताना सेंट लुईस लागणारच, लागत नसतील तर लागवून घ्यायची. अमेरिकेच्या इतिहासात ही स्वारी ‘वर्तुळाची फेरी’ म्हणून प्रसिद्ध आहे. नावातच आलं, माणूस निघाला तिथेच परत येतो.

जॉन्सनसाहेबांनी शोभेला म्हणून बरोबर जनरल ग्रँटना घेतलं. यादवी युद्ध जिंकून दिलेला सेनापती शेजारी उभा असला की आपल्यालाही चार टाळ्या पडतील, असा साधा हिशेब. पडल्याही, पण लोक ओरडायला लागले ‘ग्रँट, ग्रँट’. साहेब बोलायला उभे राहिले की खालून कुणीतरी टोमणा मारायचा आणि साहेब भाषण सोडून त्याच्याशी भांडायला लागायचे. परतल्यावर संसदेच्या निवडणुकीत विरोधकांनी धुव्वा उडवला. १८६८ मध्ये महाभियोग आला, त्याच्या दहाव्या कलमात याच दौऱ्यातली भाषणं होती. राष्ट्राध्यक्षांनी ती ‘मोठ्या आवाजात’ केली, असं चक्क आरोपपत्रात लिहिलंय. सिनेटमध्ये साहेब एका मताने वाचले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले ते ग्रँट. तेव्हा शोभेला कुणाला नेताय ते जरा बघून न्या.

सत्कार्याचा सगळ्यात सुबक नमुना मात्र राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचा. १९४८ हे निवडणुकीचं वर्ष. त्या जूनमध्ये त्यांना कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठाची मानद पदवी घ्यायची होती. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, आगगाडीने, पंधरवडाभर. दौरा अराजकीय होता, त्यामुळे खर्च राष्ट्राध्यक्षांच्या सरकारी प्रवासखात्यातून. वाटेत गाडी थांबली की लोक जमायचे आणि लोक जमले की ट्रुमनना बोलावंच लागायचं. संकोची माणसाला असे प्रसंग फार येतात.

याच दौऱ्यात आयडाहोतल्या कॅरी नावाच्या गावी एका छोट्या विमानतळाचं उद्घाटन होतं. हातात आयत्या वेळी मिळालेली माहिती. ट्रुमननी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की देशासाठी लढताना प्राण दिलेल्या शूर तरुणाच्या नावाने हा विमानतळ होतोय. समोर त्याची आई उभी. ती म्हणाली, मुलगा नव्हे, आमची मुलगी. ट्रुमननी लगेच सावरलं: देशासाठी प्राण देणारी तरुणी, मग तर याहून मोठा मान नाही. आई म्हणाली, नाही हो, ती इथेच विमान कोसळून गेली. यावर पुढे काय बोलायचं, याचा सल्ला माझ्याकडे नाही. एवढंच सांगतो, चिठ्ठी घेताना ती लिहिणाऱ्याचं तोंड नीट बघून ठेवा.

पुढच्या स्वारीत ट्रुमन शहाणे झाले. पक्षाने वॉशिंग्टनमध्ये माणसं बसवली, त्यांचं काम एकच: गाडी जिथे थांबणार त्या प्रत्येक गावाची माहिती काढायची. पीक काय, कारखाना कुठला, लोकांचं दुखणं काय. मग गाडी थांबे. बँड वाजे. गावचा उमेदवार चार शब्द बोले. ट्रुमन कठड्याला रेलून गावाच्या पिकाचं कौतुक करत आणि तिथून थेट संसदेवर घसरत: ही ऐंशीवी संसद म्हणजे काहीच न करणारी. पाच-दहा मिनिटं झाली की सूर बदलून विचारत, माझ्या घरच्यांना भेटायचंय का? गर्दी ओरडे, हो! पडदा सरके आणि पत्नी बेसबाई बाहेर येत. ओळख करून दिली जाई, ‘ह्या बॉस’. मग लेक मार्गारेट, ‘ही बॉसची बॉस’. लोक हसत, शिट्टी होई, गाडी हले. पुढच्या गावाला तोच पडदा, तोच बॉस. बाईंना हा विनोद फारसा आवडत नसे म्हणतात. त्यांनी तो किती वेळा ऐकला, याचा विचार करा आणि घरच्यांना गाडीत बसवण्याआधी नीट विचारून घ्या. वर्षभरात ट्रुमननी सुमारे ३१,००० मैल कापले आणि साडेतीनशेच्या आसपास भाषणं केली.

या प्रकाराला नाव मिळालं तेही विरोधकांच्या कृपेने. सिनेटर रॉबर्ट टाफ्ट तक्रार करताना म्हणाले की हे गृहस्थ पश्चिमेकडच्या प्रत्येक शिट्टीच्या स्टेशनावर संसदेला शिव्या घालत फिरतायत. शिट्टीचं स्टेशन म्हणजे जिथे गाडी एरवी थांबत नाही. कुणाला उतरायचं असेल तर कंडक्टर दोरी ओढणार, इंजिनातून दोन शिट्ट्या येणार आणि मग गाडी थांबणार. ट्रुमन यांच्या पक्षाने लगेच त्या शहरांच्या महापौरांना तारा केल्या: तुमच्या शहराला असं असं म्हणतायत, तुम्हाला काय वाटतं? काय वाटणार? आपल्याकडे एखाद्या एक्स्प्रेसला गावात दोन मिनिटांचा थांबा मिळाला तर खासदारांच्या फोटोसकट चाळीस फुटी फलक लागतो, पेढे वाटतात, ड्रायव्हरला हार घालतात. ते थांबे कुणी शिट्टीचे म्हणून दाखवावेत!

आता गाडीविषयी. साधेपणा दिसला पाहिजे, असणं सक्तीचं नाही. ट्रुमन ज्या कठड्याला रेलून शेतकऱ्याशी शेतकऱ्यासारखं बोलत, तो ‘फर्डिनांड मॅगेलन’ नावाच्या डब्याचा होता. हा जुना डबा १९४२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासाठी पुन्हा घडवला गेला. चहूबाजूंनी पोलादी चिलखत, खिडक्यांना तीन इंच जाडीच्या काचा, वजन २,८५,००० पौंड. जमिनीवरचा माणूस व्हायला एवढं लोखंड लागतं. त्याआधी १८९६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन खरोखरच साध्या उतारूंच्या गाड्यांनी, स्वतःची बॅग स्वतः उचलून, गाड्या बदलत हिंडले होते. पुढे पक्षाला दया आली आणि त्यांना एक खास डबा मिळाला. त्याचं नाव होतं ‘आयडलर’, म्हणजे आळशी. दिवसाला वीस-वीस भाषणं करणारा माणूस त्यात बसायचा. दारूच्या थेंबालाही न शिवणारे ब्रायन भाषणांच्या मधल्या वेळात अंगाला जिन चोळून घेत, थकवा उतरावा म्हणून, असं सांगतात. त्यामुळे व्यसनमुक्तीच्या मेळाव्यात वास कुठून येतोय, असा प्रश्न पडला तर घाईने निष्कर्ष काढू नका.

इंजिनातल्या माणसाशी जमवून घ्या म्हणालो होतो. १९४८ मध्ये ट्रुमन यांच्यासमोर टॉमस ड्यूई होते, आणि त्यांनी आपल्या गाडीचं नावच ‘विजय स्पेशल’ ठेवलं होतं. १२ ऑक्टोबरला ही गाडी इलिनॉयमधल्या बोकू या गावी थांबली. ड्यूईसाहेब मागच्या सज्जात, लोक रुळांवर अगदी डब्याला भिडून. तेवढ्यात गाडी काही फूट मागे आली. किंकाळ्या, पळापळ. कुणाला लागलं नाही. पण साहेब माइकवर बोलून गेले: असा वेडा ड्रायव्हर मला पहिल्यांदाच भेटला, खरं तर याला पहाटे गोळी घालायला हवी, पण कुणाला इजा झाली नाही म्हणून सोडून देऊ. हे देशभर छापून आलं. पत्रकारांनी ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, ड्यूईंबद्दल माझं आधी जे मत होतं तेच आहे, आणि ते फारसं चांगलं नव्हतंच.

रेल्वे कामगारांनी मनात धरायचं ते धरलं. ट्रुमन तर टपूनच होते. अमेरिकेत इंजिन हाकणाऱ्याला इंजिनियर म्हणतात, आणि ड्यूईंच्याच पक्षाचे माजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर हे पेशाने खरे इंजिनियर. ट्रुमन सांगत सुटले की गाडी मागे घेणाऱ्या इंजिनियरचा यांना राग येतो, पण यांच्या त्या थोर इंजिनियरने अख्खा देश मागे घेऊन महामंदीत घातला, ते कसं विसरतात!

पैशाचं म्हणाल तर तो संपतो. ट्रुमन यांचा ओक्लाहोमा सिटीत संपला. गाडी स्टेशनात, भाषण झालेलं, पुढे जायला भाडं नाही. तिथल्या गव्हर्नरांनी धनिक मंडळी गाडीतच बोलावून वर्गणी जमवली तेव्हा चाकं हलली. गणपतीची वर्गणी मागताना कधी लाज वाटली असेल तर हा प्रसंग आठवा. ऑक्टोबरमध्ये न्यूजवीक साप्ताहिकाने पन्नास राजकीय जाणकारांना कौल विचारला. पन्नासच्या पन्नास ड्यूई. सल्लागार क्लार्क क्लिफर्ड यांनी स्टेशनवरून अंक घेतला आणि कोटाखाली लपवून साहेबांच्या समोरून सटकायला गेले. ट्रुमननी विचारलं, काय म्हणतोय अंक? पाहून परत देताना म्हणाले, या पन्नास जणांना मी ओळखतो, एकालाही उंदराच्या बिळात वाळू ठोकायची अक्कल नाही.

ज्या गावांत तुम्हाला तोंड दाखवायची सोय नाही, तिथे बायकोला पाठवा. १९६४ मध्ये काळ्यांना गोऱ्यांच्या बरोबरीने वागवा म्हणणाऱ्या नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केल्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना दक्षिणेत फिरणं कठीण झालं. म्हणून गेल्या त्या लेडी बर्ड जॉन्सन, ऑक्टोबरमधले चार दिवस, न्यू ऑर्लीन्सपर्यंत १,६२८ मैल आणि आठ राज्यं. रुळांवर बॉम्ब असला तर आधी कळावं म्हणून पुढे पंधरा मिनिटांवर एक रिकामं इंजिन धावत असे. काही ठिकाणी लोकांनी हुर्यो केली. बाई शांतपणे थांबल्या आणि पुन्हा बोलल्या. निवडणुकीत आठांपैकी तीन राज्यं मिळाली. यात थट्टा करायला मला फार काही सापडलं नाही.

एवढं सगळं वाचून उत्साह आला असेल तर ब्रायन यांचा निकाल सांगतो. १८,००० मैल, सहाशे भाषणं. समोर विल्यम मॅकिन्ली. ते ओहायोतल्या कँटनमध्ये स्वतःच्या घराच्या ओसरीवर बसून राहिले. भाषणात ब्रायनशी बरोबरी करणं म्हणजे अंगणात झोका बांधून कसरतपटूशी स्पर्धा करणं, असं त्यांचं मत. मग रेल्वे कंपन्यांनीच सवलतीत तिकिटं काढली आणि साडेसात लाखांच्या आसपास लोक गाड्या भरभरून त्यांच्या अंगणात आणून सोडले. मॅकिन्ली जिंकले. ब्रायन १९०० आणि १९०८ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि तितक्याच वेळा पडले.

पण तुम्ही ट्रुमनच आठवणार, ठाऊक आहे मला. निकालानंतरच्या दिवशी सेंट लुईस स्टेशनवर, त्याच कठड्याशी, हातात शिकागो ट्रिब्यून, त्यावर ‘ड्यूईंनी ट्रुमनना हरवलं’ असा मथळा आणि वर कान ते कान हसू. टंकजुळाऱ्यांच्या संपामुळे अंक लवकर छापायला सोडला होता बिचाऱ्यांनी. असा फोटो आपलाही यावा, हीच तर इच्छा.

तेव्हा निघा. फक्त एक करा. आपल्या गाड्यांच्या शेवटच्या डब्यावर मोठी फुली असते आणि खाली एलव्हीची, म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ची, पाटी टांगतात. ती दिसली की स्टेशन मास्तरला कळतं, गाडी पुरी गेली, मागे काही राहिलं नाही. तेवढी पाटी कठड्याला बांधायला विसरू नका. नाहीतर तुम्ही हात हलवत पुढच्या गावी जाल आणि तो बिचारा तिथेच उभा राहील, अजून काहीतरी यायचंय म्हणून.